दहा पिंपं विरजण

रोज सकाळी, चहाच्या आधी, रंगनाथ पगारे तिसऱ्या तळ्याच्या बांधावर जाऊन एक पांढरा मग दोरीनं पाण्यात सोडायचे. मग भरून वर आला की तो डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हातानं कमरेला अडकवलेली तार सोडायचे. त्या तारेत बांगड्यांचे अकरा तुकडे ओवलेले होते. सगळे हिरवेच, पण एकासारखा दुसरा नाही. एक लिंबाच्या कोवळ्या पालवीचा, एक पोपटी, एक मुगाच्या सालीचा, एक तोंडल्याचा, आणि अगदी शेवटचा जुन्या बाटलीच्या बुडासारखा काळपट. एकेक तुकडा मगाशेजारी धरून ते डोळे बारीक करून बघायचे. रंग जुळला की मान हलवायचे आणि मग चुलीवर चहा ठेवायचे. सोळा वर्षांत हे चुकलं नव्हतं. अंगात ताप असतानाही नाही आणि पोरीच्या नाव ठेवण्याच्या दिवशीही नाही.

हे तुकडे बेलापूरच्या बाजारातले. तिथं पुष्पावती कासारीण बसायची. चाळीस वर्षं बायकांचे हात दाबून बांगड्या भरलेली बाई. तिनं बायकोसाठी गुपचूप बांगड्या नेणारे पुरुष पाहिले होते, बायको सोडून दुसऱ्या कुणासाठी त्याहून गुपचूप नेणारेही पाहिले होते. पण फुटक्या बांगड्या द्या, फक्त हिरव्या द्या, असं म्हणणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं. फुटक्या म्हणू नये, वाढवलेल्या म्हणावं, असं आधी तिनं त्यांना सुनावलं. मग कुणासाठी म्हणून विचारलं. रंगनाथांनी खरं ते सांगितलं, तळ्यासाठी. पुष्पावतीनं दोन्ही हातांनी ओंजळभर काचा त्यांच्या टोपीत ओतल्या आणि संध्याकाळच्या आत साऱ्या बाजाराला कळलं की पगाऱ्यानं तळ्याशी लग्न लावलंय.

ही बातमी घरी पोचली तेव्हा गीताबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. सवत तशी बरी आहे, एवढंच म्हणाल्या, उलट बोलत नाही, फक्त वास मारते.

तो आरोप मात्र खोटा होता. तळ्याला वास नव्हता, आणि नव्हता याचाच रंगनाथांना अभिमान होता. तळी नगरपालिकेची, मैलापाण्याची. प्रवरापेठ हे देवळाली प्रवरा आणि बेलापूर यांच्या मधलं छोटं बाजारगाव. त्या गावाच्या मोऱ्या, संडास, हॉटेलांचं खरकटं, न्हाण्यांचा फेस, असं सगळं एका मोठ्या गटारातून गावाबाहेर यायचं आणि एकापुढे एक खोदलेल्या तीन तळ्यांत शिरायचं. पहिल्या तळ्यात ते काळं असायचं, दुसऱ्यात काळपट हिरवं आणि तिसऱ्यात हिरवंगार. वीस-बावीस दिवस पाणी नुसतं रेंगाळत पुढे सरकायचं. यंत्र नाही, औषध नाही. ऊन पडायचं, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी हिरवं पाण्यात वाढायचं, ते हिरवं पाण्यात हवा सोडायचं आणि त्या हवेवर जगणारे बारीक जीव घाण खाऊन टाकायचे. शेवटच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर खालच्या रानात ऊस आणि गुरांचा घास पिकायचा. उरलेलं ओढ्यातून प्रवरेला मिळायचं.

तळी बांधणाऱ्या इंजिनिअरनं जाताना रंगनाथांना बांधावर बसवून सांगितलं होतं की, हे पाणी नाही, जनावर आहे. रोज खाणार, रोज ऊन मागणार, आणि कुणी मारलं तर मरणार. इंजिनिअर गेला, त्याच्यानंतरचे पाच जण बदलून गेले, नकाशे उंदरांनी खाल्ले. जनावर तेवढं राहिलं आणि त्याचा गुराखी.

रंगनाथांना ते जनावर एवढं का प्यारं होतं, हे कळायला ओढ्याच्या कडेनं मैलभर खाली जावं लागे. तिथं त्यांची वस्ती होती, तीस घरांची, आणि ओढ्यापासून वीस पावलांवर एक विहीर. ती विहीर वस्तीनं स्वतः खणली होती. छप्पन्न साली धम्म घेतल्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे रंगनाथ पंधरा-सोळा वर्षांचे असताना. दुसऱ्यांच्या विहिरीवर ओंजळ पसरून थांबायचं नाही म्हणून बायापुरुषांनी चार महिने माती उपसली. पाणी लागलं त्या दिवशी लोक कपड्यांसकट आत उतरले होते. आणि मग गाव वाढलं, गावात संडास आले, गटार ओढ्यात सुटलं आणि त्या विहिरीला वास यायला लागला. त्यांची आई शेवटची दहा वर्षं कालव्यावरून पाणी आणायची, स्वतःची विहीर ओलांडून. तळी झाली आणि दोन पावसाळ्यांत विहीर पुन्हा गोड झाली. आई तोवर नव्हती. पण गीताबाईंनी त्या विहिरीचा पहिला हंडा आणला तेव्हा रंगनाथ त्याच्याकडे असे बघत बसले की गीताबाईंना विचारावं लागलं, पिताय की पूजा करताय.

पहिल्या तळ्याच्या तोंडाशी, ओढ्याच्या बाजूला, एक लोखंडी फळी होती. ती वर ओढली की गावाचं सगळं पाणी तळ्यांत न येता थेट ओढ्यात जाणार. रंगनाथांनी सोळा वर्षांत ती फळी कधी ओढली नव्हती.

पंचाण्णव सालच्या मार्चमध्ये विष्णुपंतांकडे तळ्यांचा कारभार आला. विष्णुपंत पालिकेचे जुने ओव्हरसियर, पांढऱ्या शर्टाचे, सरळ मनाचे आणि अतिशय काळजी करणारे. चोवीस वर्षं त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर काढली होती. आता मैलापाण्याचा माणूस निवृत्त झाला म्हणून तेही काम त्यांच्याच गळ्यात आलं. पहिल्या दिवशी ते खशाचं अत्तर लावलेला रुमाल नाकाला धरून आले. रंगनाथांनी नम्रपणे सांगितलं की साहेब, इथं वास अत्तराचाच येतोय.

विष्णुपंतांनी रुमाल काढला नाही. त्यांची नजर तिसऱ्या तळ्यावर खिळली होती. चोवीस वर्षं त्यांच्या टाकीत एक हिरवा ठिपका दिसला तरी त्यांची झोप उडायची. हिरवं म्हणजे शेवाळ, शेवाळ म्हणजे बेअब्रू. आणि इथं अर्धा एकर हिरवं उन्हात चकाकत पडलं होतं. त्यात चार दिवसांनी तपासणी येणार असल्याचा कागद त्यांच्या खिशात होता.

त्यांनी टाकीवरून ब्लीचिंग पावडरची पोती मागवली. दहा.

रंगनाथ म्हणाले, मरंल ते. विष्णुपंत म्हणाले, मरावं म्हणूनच टाकायचं आहे. रंगनाथांनी बांगड्यांची तार दाखवली. विष्णुपंतांनी ती रुमालाच्या आडून पाहिली आणि कुठल्याशा नवसाची असावी असं समजून काही बोलले नाहीत. पाणी कसं पाण्यासारखं दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर रंगनाथांच्याही मनात एक शंका होती. सोळा वर्षं आपण बांगड्या जुळवतोय. हा माणूस चोवीस वर्षं साऱ्या गावाला पाणी पाजतोय, आणि गावाला कधी जुलाब झालेले नाहीत. कुणाला जास्त कळत असेल? त्यांनी पोती खांद्यावर घेतली आणि स्वतःच्या हातानं दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्यात रिकामी केली.

तीन दिवसांनी तळं काचेसारखं झालं. तळाशी एक चप्पल, सायकलचं टायर आणि कुणाच्या तरी बारशाची घुगऱ्यांची वाटी स्पष्ट दिसू लागली. लोक पोराबाळांना घेऊन बघायला आले. एका म्हाताऱ्यानं ती चप्पल आपली असल्याचं सांगितलं, एकोणऐंशी साली हरवलेली. तपासणीचे साहेब आले, बांधावरून फिरले, खूश झाले आणि चहा घेऊन गेले. विष्णुपंतांनी त्या दिवशी रुमाल खिशातच ठेवला. रंगनाथांनी सकाळचा मग वर काढला तेव्हा त्यात पांढरा मगच दिसला होता. एकही बांगडी जुळली नव्हती.

पाचव्या दिवशी पहाटे वास सुटला.

आधी कुणालाच कळलं नाही तो कुठून येतोय. प्रत्येक घरानं शेजारच्या घरावर संशय घेतला. पेठेत तीन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. एका बाईनं उंदीर मेला म्हणून अख्खी माळ्यावरची अडगळ उपसली आणि त्यात तिला सासूनं दडवलेली जिलबीची परात सापडली, तो एक वेगळाच तमाशा झाला. शाळा सकाळची होती ती आणखी सकाळची झाली. आणि लग्नसराईतली पहिली वरात वेशीपाशी आली तशी घोडी अडली, मागे वळली आणि नवरदेवाला खाली ठेवून निघून गेली. नवरदेव नाकाला शेला लावून चालत मांडवात गेला. नवरीकडच्यांना वाटलं, मुलगा लाजरा आहे.

तळ्यातलं सगळं हिरवं मरून तळाशी बसलं होतं आणि सडत होतं. हवा सोडणारं कुणी उरलं नव्हतं, घाण खाणारे हवेवाचून गुदमरून मेले होते, आणि गावाचं पाणी मात्र रोजच्यासारखं येतच होतं.

पालिकेची सभा बसली. रंगनाथ आणि विष्णुपंत दाराशी उभे होते. एका सभासदानं विचारलं की पगाऱ्यांची बायको अशी एकाएकी का रुसली, आणि सगळे हसले. मग दुसऱ्यानं सरळ ठराव मांडला. ही तळ्यांची कटकटच नको. फळी वर ओढा, पाणी ओढ्यात सोडा, ओढा नेईल नदीला, नदी नेईल कुठं न्यायचं तिथं. तळी बुजवून तिथं जनावरांचा बाजार भरवू. माना हलल्या. अध्यक्षांनी तेवढं एक केलं, की पंधरा दिवस थांबू म्हणाले. पंधराव्या दिवशी सभा तळ्याच्या बांधावरच घेऊ. वास असला तर त्याच बैठकीत फळी ओढू.

दुसऱ्या दिवशी दुपारी विष्णुपंत एकटेच सायकलवर तळ्याकडे आले. रुमाल नव्हता. वास असा होता की डोळ्यांतून पाणी यावं, आणि ते आलंही होतं.

“पगारे,” ते म्हणाले, “मी मारलं ते.”

“पोती म्या टाकली साहेब. दोघांनी मारलं.”

विष्णुपंतांनी विचारलं, आता काय होईल. रंगनाथांनी हात लांब करून ओढ्याच्या खालच्या अंगाला दाखवलं. तिकडं तीस घरं आहेत, म्हणाले, आणि एक विहीर. मग ती विहीर कुणी खणली, ती कशी नासली आणि कशी सुधारली, तेही सांगितलं. विष्णुपंत बांधावर, धुळीत, पांढऱ्या पँटनं बसून राहिले. चोवीस वर्षं ते नळापर्यंत पाणी पोचवत होते. नळाच्या पुढे पाणी कुठं जातं, याचा विचार करायची पाळी त्यांच्यावर आलीच नव्हती.

उपाय सापडला तो गीताबाईंच्या स्वयंपाकघरात. उन्हाळ्यानं त्यांचं दही आंबून फुकट गेलं होतं, लावायला विरजण उरलं नव्हतं. सकाळी त्या वाटी घेऊन शेजारी गेल्या आणि चमचाभर विरजण आणून पातेलंभर दुधात ढवळू लागल्या. रंगनाथ भिंतीला टेकून बघत होते. एवढ्या दुधाला एवढंसंच कसं पुरतं, असं त्यांनी विचारलं. वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न नवऱ्यानं पहिल्यांदाच विचारला म्हणून गीताबाईंनी वर पाहिलं, तोवर रंगनाथ उठले होते. पायात एकच चप्पल घालून ते गावाकडे पळत सुटले.

विष्णुपंतांचं दार त्यांच्या पत्नीनं, सरोजिनीबाईंनी उघडलं. रंगनाथ धापा टाकत म्हणाले, साहेबांना सांगा, विरजण आणायला जायचंय. सरोजिनीबाई आत गेल्या आणि झाकण ठेवलेली दह्याची वाटी घेऊन आल्या. एवढ्यासाठी कशाला कुठं जायचं, म्हणाल्या. रंगनाथांनी वाटी नम्रपणे घेतली. ती पुढे टेम्पोत गेली आणि रस्त्यात भाकरीबरोबर संपली.

कारण जायचं होतं लांब. सगळ्या जिल्ह्यात रंगनाथांना ठाऊक असलेलं असं हिरवं तळं आणखी एकच होतं, मिरजगावच्या अलीकडे, एका निवासी शाळेचं. पाचशे पोरांच्या न्हाण्या-संडासांचं पाणी तिथं साफ व्हायचं. त्याची राखण करणारा श्रीमंत नावाचा माणूस आणि रंगनाथ पूर्वी एका सरकारी शिबिरात आठ दिवस शेजारी बसून झोपले होते. गोरक्ष टेम्पोवाल्यानं दहा पिंपं चढवली. विष्णुपंतांनी रजेचा अर्ज टाकला. कारण या रकान्यात त्यांनी बराच विचार करून ‘घरगुती’ असं लिहिलं.

गोरक्षचा टेम्पो चढाला दमायचा आणि उताराला घाबरायचा. नगर ओलांडून ते शाळेत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. श्रीमंतला आनंद झाला. त्यानं लगेच बादली उचलली. तेवढ्यात त्याची बायको आक्काबाई बाहेर आली, कशासाठी आलेत ते तिनं ऐकून घेतलं आणि बादलीवर हात ठेवला. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नसतं, म्हणाली.

श्रीमंतनं समजावलं की हे दही नाही, पोरांचं मैलापाणी आहे. आक्काबाई म्हणाली, ते यांनीच विरजण म्हणून मागितलंय, आता मागं फिरता येत नाही. विष्णुपंतांनी शास्त्राच्या बाजूनं बोलून पाहिलं. त्यांच्याही घरी सरोजिनीबाई संध्याकाळी विरजण देत नसत, त्यामुळे त्यांचा आवाज मध्येच बारीक झाला. मग रंगनाथ पुढे झाले.

“वैनी, आमच्यात आसलं काय मानत न्हाईत. आमी छप्पन सालीच सोडलं.”

“तुमच्यात नसंल,” आक्काबाई म्हणाली, “माज्या तळ्यात हाय. दिवस मावळला की ते बी झोपतं. झोपल्यालं जनावर कोन नेतं का?”

यावर रंगनाथांना मान हलवावी लागली. कारण ते खरं होतं. अंधारात हिरवं हवा सोडत नाही, उलट पाण्यातली ओढून घेतं. रात्रभर बंद पिंपात ते घुसमटून मेलं असतं. इंजिनिअरनं त्यांना जनावर सांगितलं होतं, पण ते झोपतं हे या बाईला बघून-बघून कळलं होतं. त्यांनी श्रीमंतच्या हातातली बादली घेऊन खाली ठेवली आणि हात जोडले. त्या रात्री तिघांनी शाळेच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खाल्ली आणि पडले.

ऊन वर आल्यावर आक्काबाईनं स्वतः पहिली बादली भरली. दहा पिंपं काठोकाठ झाली. झाकणं लावायची नाहीत, ऊन लागू द्यायचं, फडकं बांधायचं, असं तिनं बजावलं. निघताना एखाद्या लेकीला सासरी पाठवताना करतात तसं टेम्पोच्या फळीवरून हात फिरवला.

परतीच्या वाटेवर जकात नाक्यावर गाडी अडली. कारकुनानं फडकं उचलून आत पाहिलं. रंग आहे का, असं त्यानं विचारलं. नाही. औषध? नाही. सरबत? गोरक्ष हसू दाबत स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. विष्णुपंतांना आयुष्यात खोटं बोलता आलं नव्हतं. मैलापाणी आहे, म्हणाले. कारकून बराच वेळ त्यांच्याकडे, त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडे, शर्टावर उडालेल्या हिरव्या शिंतोड्यांकडे बघत राहिला.

“लोक बाहेर नेऊन टाकतात,” तो म्हणाला, “तुम्ही विकत आणता?”

“विकत नाही,” विष्णुपंत म्हणाले. “मागून आणलं.”

कारकुनानं दरांचं पुस्तक उघडलं, चाळलं, पुन्हा मिटलं. मग गाडी लवकर पुढे न्या, एवढंच म्हणाला. नाका मागे पडल्यावर टेम्पोतल्या तिघांना हसू आवरेना. गोरक्षला गाडी कडेला घ्यावी लागली. विष्णुपंत पोट धरून हसत होते, आणि त्यांना असं हसताना पालिकेत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी दोन वाजता दहा पिंपं तिसऱ्या तळ्याच्या उन्हाच्या बाजूला ओतली. करड्या पाण्यात एक हिरवा डाग पसरला, पातळ झाला आणि नाहीसा झाला. दिसेनासं होताना बघून विष्णुपंतांचा चेहरा पडला. दही लावल्या लावल्या झाकण उघडून बघायचं नसतं, असं रंगनाथांनी सांगितलं.

मग मगाची परीक्षा सुरू झाली. आता रोज दोन डोकी मगावर वाकलेली असायची. विष्णुपंत सहा वाजता सायकलवर हजर. सभेपासून मोजून पाचव्या दिवशी राखेचं पाणी. सहाव्या दिवशी राखेचंच. सातव्या दिवशी विष्णुपंतांना हिरवं दिसलं, रंगनाथांना नाही, आणि दोघांचा वाद झाला. आठव्या दिवशी दोघांनाही दिसलं, लिंबाच्या पालवीची बांगडी. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यातलं पाणी बादल्यांनी काढून दुसऱ्या तळ्यात घातलं, ऐंशी बादल्या, ओव्हरसियर आणि कामगार, दोघांनी मिळून. अकराव्या दिवशी पोपटी. विष्णुपंतांनी तार हातात धरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असताना, बांधावर एक उडी मारली. ती कुणी पाहिली नाही असं त्यांना वाटलं. गुराख्यांनी पाहिली आणि संध्याकाळपर्यंत गावात करून दाखवली.

तेराव्या दिवशी वास कमी झाला. चौदाव्या दिवशी लाल लांब पायांच्या शेकाट्या परत आल्या आणि उथळ पाण्यात चोची मारू लागल्या. तरीही रंगनाथ त्या रात्री नीट जेवले नाहीत. उद्या एखाद्या सभासदाला वास यायचाच असेल तर येईल, म्हणाले. नाकाला कोण सांगणार.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष आणि अकरा सभासद तळ्यावर आले. मांडववाल्याकडच्या खुर्च्या बांधावर, लिंबाच्या सावलीत मांडल्या होत्या. बहुतेकांनी रुमाल तयार ठेवले होते. गीताबाईंनी चूल पेटवून कांद्याची भजी तळायला घेतली. पाण्यावरून वारा येत होता. पहिला घाणा आला तसे भाजीमंडईतल्या ओट्यांवरून दोन सभासदांचं वाजलं. कुणाच्या भाच्याला कडेचा ओटा मिळाला आणि का मिळाला, हे सगळ्यांनी एकाच वेळी सांगितलं. दुसरा घाणा आला. मग पंधरा ऑगस्टला व्यासपीठावर कुणी कुठं बसायचं हा विषय निघाला आणि त्यात तीन वर्षांमागचा एक अपमान बाहेर आला. तिसरा घाणा संपला, चहा झाला. दोघा-तिघांनी पायातले बूट काढून पाय मोकळे सोडले. एका पोट सुटलेल्या सभासदाचा तर डोळा लागला.

रंगनाथ लिंबाच्या बुंध्याशी उभे होते. शेजारी विष्णुपंत. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर काहीतरी झालं असतं.

तासाभरानं अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. चला, म्हणाले, उजेड आहे तोवर ते वासाचं तळं बघून घेऊ. किती लांब आहे?

“साहेब,” रंगनाथ म्हणाले, “तुमी त्याच्याच बांधावर बसलाय.”

सगळ्यांनी खाली पाहिलं. पाणी त्यांच्या चपलांपासून चार हातांवर होतं. झोपलेला सभासद जागा झाला आणि त्यानं सवयीनं ‘मंजूर’ म्हटलं. त्यानंतर जे हसू फुटलं ते शेकाट्यांना उडवून गेलं.

विष्णुपंत पुढे आले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. पावडर टाकायचा हुकूम आपला होता, म्हणाले, चूक आपली. त्यापुढे त्यांनी काही वाचलेलं सांगितलं नाही. टाकीतून आपण जेवढं पाणी देतो, तेवढं दुसऱ्या दिवशी इथं येतं, एवढंच म्हणाले. आपण नसू तेव्हाही येणार. ऊन फुकट आहे आणि हे तळं जिवंत राहिलं तर आणखी तीस वर्षं असंच काम करील. फळी ओढली तर खालच्या तीस घरांना उद्यापासून विहीर नाही. मग ते घाईनं मागे झाले. ठराव मांडणाऱ्या सभासदानं भज्यांची ताटली खाली ठेवली आणि आपला ठराव आपणच मागे घेतो म्हणाला. जनावरांच्या बाजाराला दुसरी जागा त्याच्या मनात होती, त्यावरून पुन्हा वाद सुरू झाला.

त्या पावसाळ्यानंतर पालिकेनं ओढ्याकडची फळी काढून तिथं दगडी भिंत घातली. विष्णुपंतांनी रंगनाथांना समोर बसवून एक वही लिहून काढली. हिरवं कधी फिकं होतं, कधी गडद होतं, त्यात काय टाकायचं नाही, आणि ते रात्री झोपतं. सदतीस पानं झाली. पुढे जो कुणी या जागी येईल त्याच्यासाठी म्हणून. टाकीवरही त्यांनी एक प्रत ठेवली.

सत्त्याण्णव साली विष्णुपंत निवृत्त झाले. घरी त्यांना करमेना. दर गुरुवारी ते सायकलवर तळ्याकडे यायचे, लिंबाखाली बसायचे, दोघं कुणाकुणाची नावं घेऊन हसायचे. ‘साहेब’ म्हणायचं कधी सुटलं ते रंगनाथांना आठवत नव्हतं. सरोजिनीबाई डबा देऊन पाठवायच्या आणि तो बहुधा जसाच्या तसा परत यायचा, कारण विष्णुपंत गीताबाईंच्या हातचं खायचे.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात एका बुधवारी रंगनाथ कामावरून घरी आले, विहिरीवर आंघोळ केली, जेवले, लेकीच्या परीक्षेचं विचारलं आणि पडले. गुरुवारी सकाळी ते उठले नाहीत. दुखणं नव्हतं, धावाधाव नव्हती. अंथरुणावर पडता पडता त्यांनी गीताबाईंना जे सांगितलं, तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

“उद्या दोन भाकरी जास्त टाक. पंत यायचे हायत जेवायला. आन् ठेच्यात मिरची कमी घाल, त्यांना सोसत न्हाई.”